पावती आणि पोच: एका छोट्या कर्नलच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

वही आज उघडली. काम सांगायला सोपं आहे. प्रोग्रॅमने डिस्कवर लिहायला सांगावं, थांबून न राहता पुढे जावं, आणि लिहिण्याचं काय झालं ते त्याला मागाहून कळावं. आमचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एमआयटीच्या वर्गात शिकवतात तो एक्सव्ही६. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवरचा, क्यूएमूत, म्हणजे लॅपटॉपवर खोटं यंत्र उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालणारा. त्यात डिस्कचा ब्लॉक लिहिणारी प्रोसेस काम होईपर्यंत झोपते आणि डिस्कचा इंटरप्ट (काम झाल्याचा इशारा) आला की तिला उठवतात. निकाल कसा कळवायचा हा प्रश्नच तिथे येत नाही. उठवलं म्हणजे झालं.

मंडळी तीन. मी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झालेला भाचा, आणि वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांची सगळी नोकरी स्टोरेजमध्ये गेली. भाचा त्यांना आजोबा म्हणतो, ते त्यांना फारसं आवडत नाही. जागा कोथरूडच्या घरातलं जेवणाचं टेबल, आईचं भाजी निवडून झाल्यावर.

निकाल परत द्यायच्या तऱ्हा आज मांडून पाहिल्या. सिग्नल, म्हणजे कर्नलने प्रोग्रॅमला द्यायचा क्रमांकाचा इशारा, सगळ्यात आधी बाद. साधे सिग्नल रांग लावत नाहीत. एक वाट बघत असताना त्याच क्रमांकाचा दुसरा आला तर दोन्ही मिळून एकच पोचतो. दहा लेखनांचे निकाल आणि दारावर थाप एकच. पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणाच्या मार्गात आधी ‘चालू आहे का’ हे विचारत राहायचं, आणि संपलं की निकाल एकदाच उचलायचा. दुसऱ्यांदा उचलायला गेलात तर काय हाती येईल याची हमी नाही. लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीने तर हा सगळा डोलारा कर्नलबाहेरच्या, यूजर स्पेसमधल्या थ्रेडांवर उभा केलाय.

काकांनी मग व्हीएमएस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव काढलं. ते निघणारच होतं.

“अरे, क्यूआयओला, म्हणजे तिथल्या वाचा-लिहायच्या कॉलला, दोन उत्तरं असायची. कॉल परत आला की रजिस्टरमध्ये एक, म्हणजे विनंती रांगेत घेतली. काम संपलं की स्टेटस ब्लॉकमध्ये दुसरं. लोक पहिलंच बघायचे आणि घरी जायचे.”

शेवटी रिंग, म्हणजे गोल फिरून पुन्हा वापरायची रांग, ठरली. लिनक्सच्या ५.१ मध्ये, २०१९ साली, आयओ-यूरिंग आलं त्या धर्तीवर: प्रोग्रॅम आणि कर्नल दोघांनाही दिसणारी मेमरी, एका रिंगेत विनंत्या, दुसरीत निकाल. सिस्टिम कॉल कमी लागतात हा फायदा आम्हाला दुय्यम. प्रत्येक विनंतीचा निकाल वेगळा दिसतो, हे खरं कारण.

१४ जून, शनिवार

ड्रायव्हर वाचला. एक्सव्ही६ व्हर्टआयओची, म्हणजे अशा खोट्या यंत्रांसाठी ठरवलेल्या पद्धतीची, डिस्क वापरतो आणि त्याच्याकडे डिस्क्रिप्टर (मेमरीतला एक तुकडा डिस्कला दाखवणाऱ्या नोंदी) आहेत ८. एका विनंतीला ३ लागतात: एक मथळ्याचा, एक डेटाचा, एक निकालाच्या एका बाइटचा. म्हणजे एका वेळी दोनच विनंत्या वाटेत, उरलेले दोन डिस्क्रिप्टर बसून. झोपून वाट बघणाऱ्या कर्नलला ते पुरतं. आम्ही ६४ केले, आता २१ विनंत्या मावतात. आकडा दोनचा घात हवा, ही अट भाच्याने मोडून पाहिली आणि मग मान्य केली.

तो निकालाचा बाइट मात्र छान आहे. विनंती पाठवण्याआधी कर्नल त्यात २५५ भरून ठेवतो. डिस्कने यशस्वी झालं तर ० लिहायचा, बिघडलं तर १, जमतच नसेल तर २. काहीच लिहिलं नाही तर २५५ तसाच राहतो. न आलेलं उत्तर आणि चांगलं उत्तर यांची गल्लत व्हायला जागाच नाही. हा रिवाज आमच्या रिंगेतही आणायचा.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद होणार म्हणून ऑफिसातून दुपारीच निघालो, तरी घरी यायला दीड तास. काका वारकऱ्यांना चहा द्यायला गेलेले. आम्ही दोघांनी निकालाच्या नोंदीचा आकार कागदावर काढला.

१६ बाइट. त्यातले पहिले ८ बिल्ल्याचे. पूर्वी बँकेत पैसे काढायला गेलं की पितळी बिल्ला द्यायचे, तसा. प्रोग्रॅम विनंतीबरोबर स्वतःचा एक आकडा देतो, कर्नल तो न उघडता, न समजून घेता, निकालाबरोबर परत करतो. निकाल विनंत्यांच्या क्रमाने येतील असं नाही, म्हणून बिल्ला लागतोच. पुढचे ४ बाइट निकालाचे, शेवटचे ४ खुणांचे.

भाचा म्हणाला, “मामा, ही तर आयओ-यूरिंगची नक्कल झाली.” झाली. एनव्हीएमई डिस्कांची निकाल-नोंदही १६ बाइटांचीच आहे, आतला मजकूर वेगळा. प्रोसेसरच्या कॅशच्या एका ओळीत चार नोंदी सरळ बसतात. वेगळं काही करून मिरवायची ही जागा नव्हे.

निकालाचे ४ बाइट मात्र आम्ही वेगळे केले. आयओ-यूरिंगमध्ये तिथे एकतर लिहिलेल्या बाइटांची संख्या येते किंवा उणे चिन्हासह चुकीचा क्रमांक. दोन्ही एका वेळी नाही. आता समजा, ४ ब्लॉक लिहायला दिले आणि तिसरा बिघडला. साध्या राइट कॉलला ‘दोन गेले’ म्हणून परत येता येतं, चूक पुढच्या कॉलला सांगता येते. इथे पुढचा कॉल येईलच असं नाही. म्हणून आमच्याकडे संख्या कधीच उणे होणार नाही. सुरुवातीपासून सलग किती नीट गेले तेवढे मोजायचे, आणि कारण खुणांच्या खालच्या १६ बिटांत. चौथा ब्लॉक डिस्कवर गेलेला असला तरी तो मोजायचा नाही. प्रोग्रॅमने तिसऱ्यापासून पुन्हा पाठवावं.

२९ जून, रविवार

आजचा वाद सगळ्यात कामाचा झाला. निकालाची रिंग भरली आणि प्रोग्रॅम वाचतच नसेल तर?

आयओ-यूरिंगने सुरुवातीला असे निकाल टाकून दिले आणि किती टाकले त्याचा आकडा वाढवत ठेवला. लिनक्स ५.५ पासून कर्नल ते स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवायला लागला आणि जागा झाली की रिंगेत घालायला लागला. पहिला मार्ग आम्हाला पसंत नाही, ‘तुमचे तीन निकाल हरवले’ या बातमीचं कोणी काय करावं? दुसऱ्यात न वाचणाऱ्या प्रोग्रॅमची उधारी कर्नलच्या खात्यावर चढते.

बिल्ल्याचाच धागा धरला. कॅशिअर त्याच्याकडे जेवढे बिल्ले तेवढेच देतो. विनंती घेतानाच निकालाची जागा राखून ठेवायची. वाटेतल्या विनंत्या आणि न वाचलेले निकाल मिळून रिंगेच्या आकाराएवढे झाले, तर पुढची विनंती ‘नंतर या’ म्हणून तिथल्या तिथे परत. नकार नेहमी दारात, आत घेतल्यावर कधीच नाही.

यात एक खोच आहे. किती वाचलं हे सांगणारा हेडचा आकडा प्रोग्रॅमच्या हातातल्या मेमरीत आहे. तो तिथे काहीही लिहू शकतो, चुकून किंवा मुद्दाम. त्यामुळे कर्नलने तो एकदाच वाचून स्वतःकडे उतरवून घ्यायचा आणि हिशेब त्या उतरलेल्या आकड्यावरच करायचा. तपासायला एकदा आणि वापरायला पुन्हा एकदा वाचला, तर मधल्या क्षणात तो बदललेला असू शकतो. किती निकाल लिहिले तो टेलचा आकडा, त्यातून हेड वजा करून आलेली संख्या रिंगेपेक्षा मोठी निघाली तर ती रिंग बंद. टेलची खरी प्रत कर्नलपाशी. रिंगेत दिसते ती फक्त दाखवायची.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी, काम थोडंच. निकालाची नोंद लिहिणं आणि टेल पुढे सरकवणं यांच्यामध्ये फेन्स (आधीचं लेखन आधीच दिसेल अशी सूचना) नव्हता, तो घातला. वाचणाऱ्या बाजूलाही टेल वाचल्यावर एक. रिस्क-फाइव्हला लेखनांचा क्रम बदलायची मुभा आहे. एक्स८६च्या लॅपटॉपवर क्यूएमूत ही चूक वर्षभर दिसली नसती.

१२ जुलै, शनिवार

बिघाड मुद्दाम घडवायला सुरुवात केली. क्यूएमूत ब्लॉकडीबग म्हणून एक थर आहे, त्याला ‘या सेक्टरवर लिहिलं की चूक दे’ असं सांगता येतं. पहिल्याच फेरीत कर्नल पॅनिक, म्हणजे चूक पाहून स्वतःच बंद. कारण आम्ही नव्हतो. मूळ ड्रायव्हरच निकालाचा बाइट ० नसला की हात वर करतो. शिकवायच्या कर्नलला ते शोभतं, आम्हाला नाही. काढलं.

मग भाच्याने वेगळी चूक देऊन पाहिली: क्रमांक २८, डिस्कवर जागा नाही. आणि सगळं गप्प. निकाल नाही, पॅनिक नाही, कन्सोलवर अक्षर उमटेना. मी लॉकिंग संशयित धरून दोन तास प्रिंट घालत बसलो. नऊ वाजता काका जेवून खाली आले, मागे उभे राहून बघितलं आणि म्हणाले, “तुझा कर्नल जिवंत आहे का, ते आधी बघ.”

क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये जाऊन स्थिती विचारली: यंत्र थांबवलेलं आहे, कारण आयओची चूक. क्यूएमूचा ठरलेला स्वभावच तसा निघाला. लिहिताना बाकी कुठली चूक आली तर ती पाहुण्या यंत्राला (आत चालणाऱ्या आमच्या कर्नलला) कळवायची, पण जागा संपली तर यंत्रच थांबवून ठेवायचं, म्हणजे मालकाला जागा करून पुन्हा चालू करता येतं. सेटिंग बदलून ‘कळव’ केलं आणि निकाल लगेच रिंगेत आला. संख्या २०४८ (दोन ब्लॉक), कारण १, कारण डिस्कच्या बाइटात ‘बिघडलं’ एवढंच येतं.

दोन तास गेले ते गेले. पण निकाल न देणं हासुद्धा कोणीतरी विचार करून घेतलेला निर्णय असू शकतो, हे मला सुचलं नव्हतं.

२० जुलै, रविवार

आज कोड नाही. दुपारभर एकच विषय: चूक कोणाच्या पदरात टाकायची?

प्रोग्रॅमने लिहिलं, कर्नलने ते स्वतःच्या कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) घेतलं, ‘झालं’ म्हणाला. प्रोग्रॅम फाइल बंद करून निघून गेला. अर्ध्या मिनिटाने कर्नल डिस्कवर लिहायला गेला आणि डिस्क नाही म्हणाली. आता सांगायचं कोणाला?

२०१८ साली पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली ती याच प्रश्नाने. त्यांचा समज असा होता की एफसिंक (‘हे डिस्कवर पक्कं कर’ असा कॉल) फसला तर पुन्हा मागावा, आणि दुसऱ्या वेळी यश आलं म्हणजे डेटा डिस्कवर गेला. लिनक्समध्ये मात्र लेखन फसल्यावरही ती पानं (मेमरीतले ते तुकडे) स्वच्छ म्हणून धरली जात. दुसरा एफसिंक यशस्वी व्हायचा, कारण त्याच्या दृष्टीने लिहायला काही उरलेलंच नसायचं. शिवाय चूक एकाला सांगून झाली की पुसली जायची. दुसऱ्या प्रोसेसने तीच फाइल उघडलेली असेल तर तिला गंधही नाही. लिनक्सच्या ४.१३ मध्ये यावर चुकीचा क्रमवार आकडा आला: फाइल उघडणारा प्रत्येक जण आपण कुठवर पाहिलंय ते लक्षात ठेवतो, त्यामुळे प्रत्येकाला चूक एकदा तरी दिसते. ४.१७ मध्ये, कोणीच न पाहिलेली चूक नंतर फाइल उघडणाऱ्यालाही दिसेल अशी सोय झाली. पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत सरळ पवित्रा घेतला की एफसिंक फसला तर डेटाबेस पाडायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा.

काका याच पक्षाचे. “फसल्यावर मिळालेलं यश खोटं असतं. यंत्र पाड.” माझं म्हणणं, पाडायचं की नाही हे कर्नलने ठरवू नये. कर्नलने फक्त विसरू नये. पानं घाणेरडी, म्हणजे ‘अजून लिहायची आहेत’ अशी, ठेवून सारखं लिहीत राहायचं, हा भाच्याचा मार्ग ऐकायला प्रामाणिक वाटतो, पण मेलेल्या डिस्कची पानं मेमरी खाऊन टाकतील.

ठरलं ते असं. लेखन फसलेल्या फाइलवर डाग. डाग असेपर्यंत त्या फाइलच्या कुठल्याही ‘पक्कं झालं’ विनंतीला यश द्यायचं नाही, कितीही वेळा मागा. डाग काढायला वेगळा कॉल, तो करणारा म्हणतो की मला कळलं, मी बघून घेतो. काकांना हे अर्धवट वाटतं. वहीत त्यांचा विरोध नोंदवून ठेवतो.

२७ जुलै, रविवार

नाव द्यायचं होतं. मी निकालाच्या नोंदीला सगळीकडे ‘झालं’ म्हणत होतो, आणि काका दर वेळी विचारत होते, कुठवर झालं? डिस्कने घेतलं, की वीज गेली तरी राहील? हल्लीच्या डिस्का लेखन आधी स्वतःच्या कॅशमध्ये घेतात आणि ‘झालं’ म्हणतात. वीज गेली की ते जातं. टिकवायचं तर वेगळा फ्लश (कॅशमधलं पक्कं लिहून काढ, अशी विनंती) मागावा लागतो.

आई शेजारी गवार निवडत होती. ती सिटी पोस्टात काउंटरला होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. म्हणाली, “रजिस्टर केलं की काउंटरवर मिळते ती पावती. पलीकडच्या माणसाने सही केली की परत येते ती पोच. दोन्हीला एकच शब्द ठेवला तर भांडणं होणारच की रे.”

विषय संपला. खुणांमध्ये दोन बिट: पावती आणि पोच. पावती म्हणजे डिस्कने लेखन घेतलं, तुझा बफर तुला मोकळा. पोच म्हणजे फ्लशही यशस्वी झाला. प्रोग्रॅमला फक्त पावती मागता येईल, फक्त पोच, किंवा दोन्ही.

मग फ्लश पाठवायचा म्हणून ड्रायव्हर पुन्हा उघडला आणि आ वासला. सुरुवातीला डिस्क आपल्या सोयींची यादी देते आणि कर्नल हव्या तेवढ्या स्वीकारतो. एक्सव्ही६ नको त्या सोयी एकेक करून खोडतो. फ्लशची सोय, बिट ९, त्याने खोडलेली नाही. म्हणजे स्वीकारली. व्हर्टआयओच्या नियमात याचा अर्थ होतो: मला फ्लश करता येतो, तू खुशाल कॅशमध्ये ठेव. आणि अख्ख्या कर्नलमध्ये फ्लशची विनंती कुठेही नाही! ती सोय खोडली असती तर डिस्कला प्रत्येक लेखन पक्कं करूनच उत्तर द्यावं लागलं असतं.

परिणाम लॉगवर, म्हणजे बदल आधी उतरवून ठेवायच्या डिस्कवरच्या जागेवर, होतो. एक्सव्ही६ आधी बदललेले ब्लॉक लॉगमध्ये लिहितो, मग लॉगचा मथळा. मथळा पडला की व्यवहार पक्का. कॅश असलेली डिस्क मथळा आधी टिकवून ब्लॉक मागे ठेवू शकते. तेवढ्यात वीज गेली, तर चालू झाल्यावर कर्नल लॉगमधला कचरा मोठ्या श्रद्धेने फाइल सिस्टिमवर उतरवेल.

पहिल्यांदा वाटलं आपणच चुकीचं वाचतोय. काकांनीही दोनदा वाचलं. ज्या कर्नलचा हेतू शिकवणं आहे त्याला यावरून नावं ठेवणार नाही. उलट एका वर्गाचा उत्तम गृहपाठ आहे हा.

३ ऑगस्ट, रविवार

फ्लश घातला. त्याला दोनच डिस्क्रिप्टर लागतात, डेटा नसतो, सेक्टरच्या जागी ०.

दोन चुका लगेच सापडल्या. पहिली माझी. एका विनंतीला जागा एकच राखली होती, पण पावती आणि पोच दोन्ही मागितली तर नोंदी दोन येतात. रिंग ६४ ची, आणि ४० विनंत्यांना दोन्ही मागितल्यावर भरून वाहिली. आता दोन्ही मागणाऱ्याला दोन जागा.

दुसरी बारीक होती, दोघांच्याही नजरेतून सुटलेली. फ्लश यशस्वी झाला की तोवर पाठवलेल्या सगळ्या लेखनांना आम्ही पोच देत होतो. चूक! फ्लशची हमी फक्त त्या लेखनांना, जी फ्लश पाठवण्याआधी पूर्ण झाली. जी अजून वाटेत आहेत त्यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. टपालाची पेटी बारा वाजता उघडली, तर बाराला पेटीकडे चालत येणाऱ्याचं पत्र त्यात कसं असेल? आता प्रत्येक फ्लशला क्रमांक. लेखनाची पावती झाली की त्याच्यावर ‘पुढच्या फ्लशमध्ये’ असा क्रमांक पडतो, आणि त्या फ्लशच्या निकालावर पोच. यात आपोआप गर्दीचा फायदा झाला, एका फ्लशवर वीस लेखनांची पोच निघते. फ्लश फसला तर नुकसान त्यातल्या कोणाचं झालं हे डिस्क सांगत नाही, म्हणून वीसही जणांना फसल्याची पोच आणि त्यांच्या फाइलींवर डाग.

१० ऑगस्ट, रविवार

भाचा खुशीत होता. त्याने लेखन चालू असताना क्यूएमू ठार मारायची स्क्रिप्ट लिहिली, शंभरदा मारलं, शंभरदा फाइल सिस्टिम धडधाकट. फ्लश काढून टाकला तरी धडधाकट.

“मेलं कोण?” काकांनी विचारलं.

मेलं क्यूएमू. लॅपटॉप जिवंत, त्याच्या कर्नलची पेज कॅश जिवंत, आणि क्यूएमूने पावती दिलेलं सगळं तिथे सुखरूप. वीज गेल्याची परीक्षा ही नव्हेच.

मग क्यूएमूचाच लेखनांची नोंद ठेवणारा थर लावला. प्रत्येक लेखन आणि प्रत्येक फ्लश तो क्रमाने वेगळ्या फाइलमध्ये उतरवतो. नुसतं क्रमाने पुन्हा चालवून भागत नाही, कारण क्रम बिघडणं हाच तर रोग. भाच्याने पायथनमध्ये छोटं साधन केलं: एखाद्या फ्लशपर्यंतची लेखनं सगळी घ्यायची, आणि तो फ्लश ते पुढचा फ्लश यांच्यामधली मात्र चिठ्ठ्या टाकून काही घ्यायची, काही सोडायची. त्यातून बनलेली डिस्क कर्नलला द्यायची. फ्लश काढलेल्या कर्नलची फाइल सिस्टिम चहा उकळेपर्यंत फुटली: मथळा आहे, मागचा ब्लॉक नाही. फ्लश असलेला कर्नल रात्रभर टिकला.

२४ ऑगस्ट, रविवार

हा आठवडा एका भुताने खाल्ला.

चाचणीतल्या एका फाइलमध्ये अधूनमधून एखादा ब्लॉक भलत्याच मजकुराचा निघायचा. आमचा प्रोग्रॅम ‘अ’ने भरलेली पानं लिहितो, आणि हेक्स डम्पमध्ये (कच्च्या बाइटांच्या यादीत) दिसतं ०१ ०१ ०१ ०१, ओळीच्या ओळी. कधी तेच ०५ ०५ ०५. निकाल सगळे यशस्वी. पावती आहे, पोच आहे, मजकूर दुसऱ्याचाच.

मी रिंग शोधली, भाच्याने फाइल सिस्टिम शोधली. सुगावा लागला तो ब्लॉकच्या पहिल्या आठ बाइटांत. ते ०१ नव्हते. तिथे होतं: ०० ५० ३६ ८७ ०० ०० ०० ००. उलट वाचा, ८७३६५०००. आमच्या यंत्राची मेमरी ८००००००० पासून ८८०००००० पर्यंत (हे सगळे सोळाच्या पायातले आकडे). म्हणजे हा मेमरीतल्या एका पानाचा पत्ता. फाइलमध्ये कर्नलचा पत्ता काय करतोय?

एक्सव्ही६ पान मोकळं करताना ते सबंध ०१ ने भरतो, म्हणजे सोडलेली मेमरी कोणी वापरली तर लगेच फजिती व्हावी, आणि पानाच्या तोंडाशी पुढच्या मोकळ्या पानाचा पत्ता लिहून ठेवतो. नव्याने देताना ते ०५ ने भरतो. आम्ही डेटाची नक्कल न करता प्रोग्रॅमचंच पान डिस्कला दाखवत होतो. चाचणीत प्रोग्रॅमला मध्येच मारत होतो. प्रोसेस मेली, तिची पानं मोकळी झाली, ०१ ने भरली गेली, आणि डिस्कने त्यानंतर ती सावकाश वाचून फाइलमध्ये लिहिली. डिस्कचं काही चुकलं नाही. तिला दाखवलेलं पान तिने इमानाने लिहिलं.

म्हणजे पावतीचा अर्धा अर्थ आम्ही कोडमध्ये आणलाच नव्हता. ‘बफर तुला मोकळा’ असं आपण पावतीला सांगतो, तर तोवर तो मोकळा नाही हे कर्नललाही पाळावं लागेल, मालक मेला तरी. प्रत्येक पानाला आता धरणाऱ्यांची संख्या आहे. विनंती गेली की एक वाढते, पावती आली की एक कमी होते, शून्यावर आली की पान सुटतं. प्रोसेस मेली तर तिच्या पानांपैकी वाटेतली मागे राहतात. विनंती परत बोलावता येईल का, हे भाच्याने विचारलं. कर्नलच्या रांगेत असेपर्यंत येईल. डिस्कच्या हातात गेल्यावर नाही. तेव्हा ‘रद्द करा’ या विनंतीचा निकाल फक्त ‘उशीर झाला’ एवढाच, आणि मूळ विनंतीचा निकाल तिच्या वेळेने येणार.

शुक्रवारी रात्री एक वाजता सापडलं. खिडकीखाली ढोल-ताशाचा सराव नव्हता म्हणून बरं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीनंतर काका प्रसाद खाता खाता म्हणाले, “मेलेल्या प्रोसेसच्या पत्राची पोच कोणाला देतोस?”

रिंग वाचणारा राहिलेला नाही. यशाचा निकाल असेल तर टाकून द्यायला हरकत नाही. फसल्याचा असेल तर टाकायचा नाही: फाइलवर डाग लावायचा, पुढे जो ती उघडून पोच मागेल त्याला दिसेल. आईच्या भाषेत, घेणारा सापडला नाही म्हणून पत्र फेकत नाहीत. ४.१७ च्या लिनक्सने केलं त्याच्या जवळच आम्ही येऊन बसलो, वेगळ्या वाटेने.

१ सप्टेंबर, सोमवार

टपाल खात्याचं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन होणार. आईने सकाळी पेपरातली बातमी वाचून दाखवली आणि विचारलं, “तुमच्या त्या यंत्रात पोच राहणार ना?” राहणार म्हटलं. पोच स्पीड पोस्टलाही मागता येते, असं तिनेच वर सांगितलं.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन मिरवणूक सकाळीही संपलेली नव्हती, भाचा रात्रभर लक्ष्मी रोडला जागून अकरा वाजता आला आणि सोफ्यावर झोपला. चाचणी मीच लावली.

दहा हजार विनंत्या, प्रत्येकीला पावती आणि पोच दोन्ही. ठरावीक सेक्टरांवर बिघाड पेरलेले, मध्ये तीनदा प्रोसेस मारलेली, रिंग मुद्दाम सावकाश वाचणारा प्रोग्रॅम. शेवटी फक्त हिशेब. प्रत्येक बिल्ल्याची एकच पावती आणि एकच पोच, पावतीआधी पोच कोणाचीच नाही. मेलेल्या प्रोसेसांचे बिल्ले वेगळे मोजायचे, त्यातल्या फसलेल्यांचा डाग फाइलवर दिसला पाहिजे.

पहिल्या फेरीत एक बिल्ला कमी भरला. पोचीचा. तासभर शोधल्यावर कळलं, दारातून ‘नंतर या’ म्हणून परत पाठवलेली विनंती मोजणीत धरली होती, चूक चाचणीचीच. दुसऱ्या फेरीत हिशेब जुळला. तिसरीतही.

काकांना फोन करून आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, “फ्लश फसवून पाहिलास?” तो पाहिला नव्हता. चौथी फेरी तीच लावली आहे, आणि डाग लागलेल्या फाइलवर पोच मागणारा प्रोग्रॅम आता नकार घेत बसलाय, सेकंदाला बऱ्याच वेळा.